राधावहिनींचं वाक्य

रंगमंचावर उभं राहून शब्द विसरणं म्हणजे काय, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळतं. समोर भरलेलं थिएटर, अंगावर जरीची नऊवारी, डोळ्यांत दिवे, आणि जिभेवर काहीच नाही! माझ्यावर ही वेळ अनेकदा आली आणि दर वेळी विंगेतून एक कोरडा, स्वच्छ आवाज आला. पहिल्या रांगेलाही ऐकू न जाणारा, मला मात्र कानात सांगितल्यासारखा. तो आवाज श्यामसुंदर यांचा. आमच्या नाट्यसंस्थेचे ते प्रॉम्प्टर. टाळ्या मी घेतल्या. त्यांतल्या निम्म्या त्यांच्या होत्या, हे आज मोकळेपणानं लिहून टाकते.

दिवसा शाळेत कारकुनी, संध्याकाळी विंग, असं त्यांचं आयुष्य गेलं. कसबा पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. घरात पत्नी राधावहिनी, मोठ्या गप्पिष्ट. प्रयोगानंतर त्यांच्याकडे पिठलं-भात खायला बसलं की वहिनींचं बोलणं संपेपर्यंत ताट वाळून जायचं.

दोन वर्षांपूर्वी वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही अडलं. समजायचं सगळं, शब्द मात्र ओठांपर्यंत येऊन थांबायचा. श्यामसुंदरांनी त्यांना न्हाऊ घातलं, भरवलं, उचलून खुर्चीत बसवलं. पण या उन्हाळ्यात त्यांचंच हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त मनाई केली. मुलगी तनया खराडीत नोकरीला, सकाळी जाते ती रात्री येते. वहिनींना एखाद्या शुश्रूषा केंद्रात ठेवण्यावाचून इलाज उरला नाही.

"जागा पुष्कळ आहेत हो, बाई," ते मला म्हणाले, "पण कोणी वाईट वागवलं तर ती सांगणार कशी? तिला तक्रारसुद्धा करता येत नाही."

त्या माणसाला एवढं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तनयानं फोनवर एक केंद्र शोधलं. "बाबा, रिव्ह्यूज एकदम टॉप आहेत."

"रिव्ह्यू म्हणजे परीक्षणंच ना? परीक्षणांवर गेलो असतो तर या बाईंचं पहिलं नाटक तिसऱ्या प्रयोगाला बंद पडलं असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही चला बरोबर. खोटा अभिनय तुमच्याइतका कोणाला कळणार?"

ही स्तुती होती की काय, ते मी विचारलं नाही.

आम्ही आधी कळवून गेलो. दारात रांगोळी, आत उदबत्ती. आजी-आजोबा दिवाणखान्यात ओळीनं बसवलेले, सगळ्यांचे भांग ताजे. कोपऱ्यात रावसाहेब नावाचे एक गृहस्थ होते. श्यामसुंदरांनी त्यांना विचारलं, "जेवण कसं असतं इथलं?"

रावसाहेबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात व्यवस्थापक म्हणाले, "रावसाहेबांना आमची खिचडी फार आवडते! हो ना?" रावसाहेबांनी तोंड मिटलं. पुढच्या आजींचंही तेच झालं. रात्री किती माणसं कामावर असतात, असं विचारलं, तर उत्तर आलं, "रात्री काय, सगळे झोपलेलेच असतात!"

बाहेर आल्यावर श्यामसुंदर म्हणाले, "पाठांतर चोख आहे. पण सगळ्यांचे संवाद हा एकटाच म्हणतो."

दुसरी जागा धायरीत, आतल्या गल्लीतला साधा बंगला. तिथे मुद्दाम न कळवता गेलो, तेही चहाच्या वेळी. वहिनींजवळ बसणारी शेजारीण गावी गेलेली, म्हणून त्यांनाही चाकांच्या खुर्चीतून नेलं. आमच्या स्वागताला कोणी आलं नाही, कारण सगळे चहा पाजण्यात गुंतले होते. कोणाला कपातून, कोणाला बशीतून, कोणाला चमच्यानं. भिंतीला ओल होती, टीव्ही मोठ्यानं लावलेला. पण चादरी कोरड्या होत्या आणि लघवीचा वास नव्हता.

निकिता नावाची तरुण सिस्टर पुढे आली. श्यामसुंदरांनी तिची उलटतपासणी सुरू केली. अंथरुणाला खिळलेल्यांना कुशीवर कधी वळवता? पाठीला जखमा होतात का? रात्री कोण असतं?

"रात्री येऊन बघा ना, काका. कधीही या, दार उघडू."

बाथरूममध्ये जाऊन त्यांनी आधाराचा दांडा हलवला. तो खरंच हलला. "हा धरून माणूस उठणार की पडणार?" निकिता ओशाळली, आणि तिथेच उभी राहून तिनं मिस्त्रीला फोन लावला.

परत आल्यावर ती वहिनींसमोर उकिडवी बसली. "काकू, चहा घेणार की कॉफी?"

वहिनींचे ओठ हलले. "क..."

"चहा," मागून श्यामसुंदर म्हणाले. "साखर कमी."

"काका, मी काकूंना विचारलंय."

असं म्हणून ती थांबली. घाई नाही, मान डोलावणं नाही, नुसती वहिनींच्या तोंडाकडे बघत राहिली. स्वयंपाकघरातून कोणीतरी हाक मारली, तरी हलली नाही. श्यामसुंदरांना ती शांतता सहन होईना. आयुष्यभर त्यांनी अशी शांतता दिसली की शब्द टाकला होता. ते पुढे झुकले, तसा मी त्यांचा दंड धरला.

"कॉ... फी," राधावहिनी म्हणाल्या.

"अगं, पण तू तर चहा..."

"तुम्ही... गप्प... बसा!"

तीन शब्दांचं अख्खं वाक्य! निकिता हसली, मी तर तिथेच टाळ्या वाजवल्या. श्यामसुंदर मात्र खुर्चीत बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "बाई," ते हळूच म्हणाले, "दोन वर्षं हिचं प्रत्येक वाक्य मीच म्हणत आलो. ही विसरली नव्हती हो. नुसती थांबत होती."

कॉफी आली. वहिनींनी डाव्या हातानं कप धरला, थोडी पदरावर सांडली, बाकीची प्यायल्या.

मिस्त्री येऊन गेल्यावर श्यामसुंदरांनी दांडा पुन्हा हलवून पाहिला. नाव नोंदवण्यापुरतंच काम राहिलं होतं. तनयानं फोनवरून विचारलं, "मग बाबा, फायनल ना?"

"थांब. विचारतो."

ते वहिनींसमोर बसले. "राधा, इथे राहशील का?" आणि दोन्ही ओठ घट्ट मिटून घेतले. तसं बसणं त्यांना किती जड जात होतं, ते मी पाहत होते. फोनवर तनया "हॅलो, हॅलो" करत होती. वहिनींनी खिडकीकडे पाहिलं, मग खाटेकडे, मग निकिताकडे.

"आठ... दिवस," त्या म्हणाल्या. "मग... मी... सांगीन."

"ऐकलंस?" श्यामसुंदर फोनमध्ये म्हणाले. "आई सांगणार आहे."