गळ्याखालचा वण

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी आमच्या सणसरच्या गुऱ्हाळावर उकळती काकवी माझ्या गळ्याखाली उडाली. भाजलेलं यथावकाश बरं झालं, पण वण वर उठला. करंगळीएवढा जाड, तांबूस, रबरासारखा टणक. दुखायचा कमी, खाजायचा फार. भाकरी थापताना चुलीची धग लागली की जीव नकोसा व्हायचा. पिठाचे हात तसेच ठेवून मी मनगटानं गळा घासत बसायची.

वैदूचे लेप झाले. एका डॉक्टरांनी वण कापून काढला, तर तो पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत आला. मग मी नाद सोडला. सासूबाईंनी मात्र सोडला नाही. आम्ही सुना त्यांना आत्या म्हणायचो. बारामतीच्या बाजारात वांगी विकायला गेल्या असताना त्यांच्या कानावर आलं, की तिथं एक नवे डॉक्टर असल्या वणात सुईनं औषध घालतात. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला एसटीत बसवलं.

डॉक्टरांनी वण चिमटीत धरून पाहिला. औषध नवं आहे, पुण्याहून मागवावं लागतं, एका खेपेत भागणार नाही, असं त्यांनी सांगितलं. वण बसेल, पण कातडी पहिल्यासारखी होणार नाही, हेही लपवलं नाही. मला ते बरं वाटलं. आजवर जो तो नुसती खात्री देत आला होता.

सुई शिरली, पण औषध आत जाईना. डॉक्टर अंगठ्यानं जोर लावत होते आणि वण पांढरा पडत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आत्यांनी माझं डोकं पोटाशी धरलं. घरात कामापुरतंच बोलणारी ती बाई म्हणाली, "जरा दमानं, डाक्टर. लेक हाय माझी."

डॉक्टर थांबले. मला श्वास घेऊ दिला, मग उरलेलं औषध हळूहळू घातलं.

आधी खाज गेली. पुढच्या खेपांत वण मऊ पडला, मग बसत गेला. फिकट डाग तेवढा राहिला. प्रत्येक खेपेला आत्या बरोबर असायच्या. परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही पेरू खायचो आणि त्या कळसच्या, आपल्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या. घरी त्यांनी त्या कधीच काढल्या नव्हत्या.

आता यायची गरज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी स्टँडवर आत्यांनी पेरू घेतले. मग म्हणाल्या, "बारामतीला यायला दुखणंच लागतंय व्हय?"

पुढच्या महिन्यात आम्ही दोघी बांगड्या भरायला गेलो.