पुसून परत केलेल्या बंदुका

ऑरिन स्टॅडलरने मोंटानातल्या आमच्या गावात अठ्ठावीस वर्षं पोरांना बंदूक धरायला शिकवलं. शिकारीचा परवाना हवा तर आधी हा वर्ग करावा लागतो, आणि वर्ग म्हणजे आगीच्या बंबाच्या शेडमध्ये शनिवारी सकाळी मांडलेल्या खुर्च्या. मी डॉटी, त्याच्याबरोबर शिकवते. बंदूक भरलेली असो नसो, नळी माणसाकडे नको, हे त्याचं पालुपद. चुकलेल्या पोरावर तो ओरडायचा नाही, नुसता बघायचा. तेवढं पुरायचं.

दुसऱ्याच्या वस्तूला फार जपणारा माणूस. तुमची गाडी मागून नेली तर टाकी भरून आणायचा. भांडं कधी रिकामं परत करायचा नाही. आमच्याकडे सगळेच तसे. आणि दुसऱ्याच्या बंदुकांची चौकशी कोणी करत नाही, जसं गुरं किती आहेत हेही विचारत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी राज्याच्या शिकार खात्याकडून वर्गासाठी एक नवा धडा आला. मित्राचे दिवस वाईट असले तर जिवाचं काही करायचा विचार मनात येतो का, हे त्याला सरळ विचारा. आणि ती वेळ टळेपर्यंत त्याच्या बंदुका त्याच्या घराबाहेर ठेवा. भाषा अशी सरकारी की वाचताना जीभ अडखळावी.

"डॉटी, ही शहरातल्यांची दुखणी," ऑरिन म्हणाला. "आपण आपली नळी सांभाळू." आणि त्याने ते पान डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. मी हसले. ते हसणं आठवलं की आजही माझी मान खाली जाते.

त्याच वर्षी हरणांच्या शिकारीचा हंगाम संपल्यावर गेलन रस्ट, ऑरिनचा शाळेपासूनचा दोस्त, चार बंदुका घेऊन त्याच्या दारात आला.

"तळघर रंगवतोय. ठेव जरा तुझ्याकडे."

"तू आणि रंग? मार्वाने कान पिळलेला दिसतोय."

बायकोच्या नावाने चिडवलं तरी गेलन हसला नाही. कॉफीलाही थांबला नाही. ऑरिनने काही विचारलं नाही. आठवड्याने त्याने चारही बंदुकांना तेल दिलं, पुसल्या आणि स्वतःहून नेऊन दिल्या. मित्राला मागायला लावणं बरं दिसलं नसतं. गेलन घरी नव्हता, मार्वाने घेतल्या. नऊ दिवसांनी गेलनने जीव दिला. तळघराला रंगाचा थेंबही लागला नव्हता.

ऑरिनने यातलं काही कोणाला सांगितलं नाही. धडा पूर्वीसारखाच गाळत राहिला, फक्त आता त्याचं कारण वेगळं होतं. यंदा वसंतात तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि सगळं बोलला. मग म्हणाला, "तो धडा आपल्या भाषेत लिहू. मला एकट्याला जमत नाही."

तीन दुपारी आम्ही खाडाखोड केली. 'जोखमीचे घटक' खोडून लिहिलं, 'बायको सोडून गेली, डॉक्टरने वाईट बातमी दिली, माणूस बोलेनासा झाला.' शेवटी तो अडला.

"गेलनचं सांगितल्याशिवाय हे खोटं वाटेल. पण शनिवारी मार्वा नातीला घेऊन येणारे."

"मग नाव गाळ."

"म्हणजे पुन्हा गप्पच बसायचं ना गं?"

शनिवारी मार्वा तिसऱ्या रांगेत होती. ऑरिन उभा राहिला. कानापर्यंत लाल झाला होता. त्याने गेलनचं नाव घेतलं, बंदुका कधी आल्या, कधी परत नेल्या, सगळं सांगितलं. कोणाकडे बघितलं नाही.

"मला विचारायची लाज वाटली," तो म्हणाला. "विचारलं असतं तर तो फार तर चिडला असता. चिडलेला मित्र चालतो रे पोरांनो. बाकी सगळं वेळेवर परत करा. ही एक वस्तू मात्र माणूस सावरलाय का, हे त्याला विचारल्याशिवाय परत करू नका."

मार्वा उठली. मला वाटलं, नातीचा हात धरून चालती होणार. आम्ही दोघंही त्याच लायकीचे होतो.

"ऑरिन," ती म्हणाली, "त्याला तुझ्याकडे मीच पाठवलं होतं. मला सगळं माहीत होतं. तू त्या इतक्या चकचकीत करून आणल्यास, की परत ने म्हणायची मला लाज वाटली. मी तुझे आभार मानले."