कॅप्टनबाईंचा रव्याचा केक

‘झाकणाला जी हात लावेल तिला रात्रभर पहाऱ्याला उभी करीन,’ असं कॅप्टनबाई आम्हाला बजावायच्या आणि दर पाच मिनिटांनी स्वतःच चिमट्यानं झाकण उचलून आत डोकवायच्या. वरचे निखारे घसरायचे, राख आत पडायची, वाफ निघून जायची आणि रव्याचा केक मधोमध खड्डा पडून बसायचा. ‘बाई, उघडायचं नाही असं तुम्हीच सांगता ना?’ असं मी एकदा तोंडावर विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘मी उघडत नाहीये. मी बघतेय.’ बघतेय म्हणे, कप्पाळ!

शाळेत त्या आम्हाला भूगोल शिकवायच्या, पण गाइडचं पथक त्यांचं म्हणून सगळ्या भिवंडीत त्या कॅप्टनबाईच. दर हिवाळ्यात वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या एका आमराईत आमचा कॅम्प लागायचा आणि शेवटच्या दिवशी हा केक व्हायचा. ओव्हन कुठला तिथं! धामणकर नाक्याजवळ लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, सुटे भाग ओतणारा एक कारखाना होता. बाईंनी त्या लोकांच्या मागे लागून एक बिडाचं पातेलं आणि त्याचं सपाट झाकण ओतून घेतलं होतं. रवा, दही, साखर, तूप, वेलची, चिमूटभर सोडा. पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे. सांगायला किती सोपं! ते धूड टेम्पोतून उतरवून चुलीपर्यंत न्यायला तिघी लागायच्या आणि त्या तिघींत मी कायम, कारण मी उंच. माझी बोटं कितीदा चेंगरली असतील, देव जाणे.

‘बाई, शिरा करू या ना,’ मी दरवर्षी कळवळून सांगायचे. तोच रवा, तेच तूप, वीस मिनिटांत काम खलास. बाई म्हणायच्या, ‘शिरा घरी खा.’ झालं, विषय संपला. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं. गोडच का, याचं उत्तर मात्र त्यांच्याकडे होतं. पथकात कोकणी मुसलमानांच्या मुली होत्या, आमच्यासारख्या कारकुनांच्या, मास्तरांच्या होत्या. तिखटाच्या पातेल्यावरून घरोघरी प्रश्न निघतात, गोडावरून निघत नाहीत, असं त्या म्हणायच्या. एका पातेल्यातलं सगळ्यांनी खायचं, हा त्यांचा हट्ट होता.

एका वर्षी लाकडं दवानं ओली झाली होती, काही केल्या पेटेनात. माझी मैत्रीण शमीम हिच्या अब्बांचे लूम होते. ती घरून गोणीभर वेस्ट घेऊन आली होती, म्हणजे लूमवरच्या सुताचा गुंता. आमच्या गावात चूल पेटवायला सगळे तेच वापरायचे. पण ते निघालं मशीन पुसलेलं, तेलानं माखलेलं. भडाभडा पेटलं, काळा धूर आला, आणि बाईंचं ‘बघणं’ चालूच असल्यामुळे तो सगळा धूर केकात गेला. पहिला घास तोंडात घातला आणि मी थुंकलेच. शमीम रडकुंडीला आली. बाईंनी आपला तुकडा शेवटच्या कणापर्यंत खाल्ला आणि म्हणाल्या, ‘काय झालं? आपल्याच गावचा वास आहे.’ मला इतका राग आला की मी त्या दिवशी भांडी घासायला गेलेच नाही.

मग गावात दंगल झाली. त्याबद्दल मी इथं फार लिहिणार नाही, ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. शाळा पुन्हा भरली तेव्हा मी आणि शमीम एकाच बाकावर होतो, पण आमच्या आया बाजारात एकमेकींना बघून रस्ता बदलायच्या. कॅम्पचं नाव काढताच आई म्हणाली, ‘काही नको. मुलीच्या जातीनं तंबूत झोपायचं, आणि तेही यांच्याबरोबर!’ शमीमच्या घरीही हेच, फक्त शब्द वेगळे. कॅप्टनबाई घरोघर फिरल्या. शेवटी ठरलं की या वर्षी एकच दिवसाचा कॅम्प, आणि आयांनी यायचं, डोळ्यांनी बघायचं. पटलं तर पुढच्या वर्षी मुली मुक्कामाला जातील, नाहीतर पथकच बंद. मला तंबू हवा होता, शमीम हवी होती. म्हणून मी ठरवलं, या वर्षी केक बिघडू द्यायचा नाही, बाईंना पातेल्याजवळ फिरकू द्यायचं नाही.

आया आल्या आणि दोन सतरंज्यांवर दोन घोळके करून बसल्या. मधे कोणीच नाही. मी काठी घेऊन पातेल्याशी उभी राहिले. आश्चर्य म्हणजे बाई लांब आंब्याखाली हाताची घडी घालून उभ्या होत्या, जवळ आल्याच नाहीत. आता होतोय केक, म्हणेपर्यंत शमीमची अम्मी उठली. ‘अगो, खाली एवढा विस्तव? करपंल ना!’ तिनं माझ्या हातातली काठी घेऊन खालचे निखारे ओढले. लगेच दुसऱ्या सतरंजीवरून माझी आई धावली. ‘अहो, नका काढू, मधे कच्चा राहील!’ तिनं ते परत आत सारले.

‘न्हाय हो, माझी सासू असाच करायची!’

‘तुमच्या सासूबाईंचं पातेलं पातळ असेल!’

ती ओढतेय, ही सारतेय. दोघींनी झाकण किती वेळा उचललं त्याला गणतीच नाही. मी ओरडले, ‘आई, हात नको लावूस!’ कोण ऐकतंय? मी बाईंकडे पळाले. ‘बाई, सांगा ना त्यांना! सगळं वाटोळं करतायत!’ बाई जागच्या हलल्या नाहीत. ‘मी कशाला सांगू? भांडू देत.’

शेवटी पातेलं उतरवलं तर केक खाली कोळसा, मधे चिखल. मी रडले, अगदी हुंदके देऊन. शमीमच्या अम्मीनं मधला चिखल चमच्यानं काढून कढईत घातला, माझ्या आईनं वरून तूप सोडलं आणि दोघींनी आळीपाळीनं तो परतला. सतरंज्यांवरच्या बाकीच्या बायका ‘साखर घाला’, ‘गॅस नाहीये तो, जपून’ असं सांगत कढईभोवती कधी जमल्या, कळलंसुद्धा नाही. त्या लगद्याला नाव काय द्यायचं, यावरूनही त्या भांडल्या. जाताना आई म्हणाली, ‘जा पुढच्या वर्षी.’ शमीमलाही परवानगी मिळाली.

आणि पुढच्या वर्षी शाळेनंच कॅम्प बंद केला. दहावीचे जादा तास घ्यायचे म्हणून! मी रागानं फणफणत बाईंच्या कामतघर भागातल्या खोलीवर गेले. खाली लूमचा खडखडाट, त्यामुळे मला ओरडूनच बोलावं लागलं, आणि मला ओरडायचंच होतं. ‘तुम्ही भांडत का नाही? एवढं केलं ते सगळं फुकट गेलं!’ बाई वह्या तपासत होत्या. ‘फुकट कसं? तुझी आई काल शमीमकडे गेली होती. पापडाचं पीठ मळायला.’ मला पापडाशी काय करायचं होतं? मला तंबूत झोपायचं होतं. मी चहा न पिता निघून आले.

पुढे लग्न होऊन मी पुण्याला गेले. भिवंडीला आले की बाईंना भेटायचे, काही ना काही सांगून वाद घालायचे. त्या हसायच्या. मग एके दिवशी आईचा फोन आला. ‘कॅप्टनबाई गेल्या गं.’

मी पोचले तेव्हा त्यांचे सांगलीचे भाऊ अजून वाटेतच होते. बाईंच्या उशाशी माझी आई बसली होती, पायाशी शमीमची अम्मी. दोघींचे डोळे सुजलेले. तेव्हा मला कळलं की बाईंचं पोटाचं दुखणं कित्येक महिन्यांचं होतं. सकाळी आईचा डबा जायचा, रात्री अम्मी सोबतीला झोपायला यायची. माझ्याजवळ कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

‘आम्ही कळवणार होतो,’ आई म्हणाली.

‘बाईंनी कसम घातली ना गो,’ अम्मी म्हणाली. ‘तिला सांगू नका, ती यील नि भांडंल, म्हणत व्हत्या.’

भांडलेच असते मी! डॉक्टर बदला म्हणाले असते, पुण्याला चला म्हणाले असते, नाही म्हणाल्या असत्या तर त्यांच्या त्या खोलीत ठिय्या देऊन बसले असते. तेवढं एक भांडण तरी बाईंनी मला करू द्यायला हवं होतं.