पुतळ्याची मिशी

गुढियारीत आमच्या चौकात माझ्या भावाचा पुतळा आहे. बस्तरमध्ये सुरुंग फुटून प्रशील गेला, तेव्हा एकवीस वर्षांचा होता. मिसरूड विरळच होतं, तेही तो रोज काढायचा. मूर्तिकारानं मात्र पुतळ्याला पिळदार मिशी दिली.

"हा माहा पोट्टा नाही," आई म्हणाली.

"माताजी, जवान को मूंछ शोभा देती है," पुतळा बसवणारे समितीवाले म्हणाले. मी खूप भांडले, पण अनावरणाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या.

आता आठ वर्षं झाली. आई रोज सकाळी पुतळ्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसते, मेणबत्ती लावून त्रिशरण म्हणते. आम्ही बौद्ध, पितर मानत नाही. पण पितृपक्षात शेजारची सुखवंतीन काकी त्याच्या पायाशी उडदाचे वडे ठेवते, तेव्हा आई ते तिथंच राहू देते.

काल फडकं पिळता पिळता ती म्हणाली, "प्रशील सपनात आला होता. मिशी लय शोभे त्याले."

मी घरी धावले. पेटीतला त्याचा बिनमिशीचा फोटो आणून तिच्या हातात दिला. तिनं तो उन्हात धरून बराच वेळ पाहिला.

"हव," ती म्हणाली, "हाच असन."