साध्या बॅरलला जामीन राहिलेले परकारचाचा

परकारचाचा साठ वर्षांचे झाले यावर माझा अजून विश्वास बसत नाही. सौदीतल्या आपल्या जुबैलच्या मराठी मंडळींनी त्यांच्यासाठी हा अंक काढायचं ठरवलं, तेव्हा संपादक देशमुखवहिनींनी मला बजावलं, "सुधीरभावजी, चाचांचे गुण लिहा, नुसत्या गप्पा नकोत." वहिनी, प्रयत्न करतो. पण त्यांचे गुण सांगायचे तर आधी माझा एक अवगुण सांगावा लागणार, आणि तो मी दोन वर्षं पोटात ठेवला आहे.

श्री. अब्दुल रहमान परकार मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. तरुणपणी त्यांनी बंदुकांच्या कारखान्यात फिटर म्हणून काम केलं. पुढे इथे आले, आणि कितीतरी वर्षं एका नेमबाजी क्लबातल्या रायफलींची देखभाल त्यांच्याकडे आहे. मी पंपदुरुस्तीच्या वर्कशॉपमधून त्यांच्या हाताखाली आलो. पहिल्याच दिवशी हुशारी दाखवायला सफाईची सळई रायफलीच्या तोंडाकडून आत घातली. चाचांनी माझं मनगट धरलं.

"अरे बाबा, मागून घाल. तोंड घासलंस की नेम गेला."

आता झाडणार म्हणून मी अंग चोरून उभा, तर त्यांनी बिनदुधाच्या सुलेमानी चहाचा कप पुढे केला. "चिपळूणचा ना तू? मग साखर जास्त लागेल." हा हिशेब त्यांनी कुठून लावला देव जाणे, पण बरोबर होता.

क्लबातले सभासद त्यांना हटकून एकच प्रश्न विचारतात: रायफलीला आतून क्रोमचा मुलामा दिलेलं बॅरल, म्हणजे नळी, घ्यावं की बिनमुलाम्याचं, साधं? चाचा उत्तर देत नाहीत. उलट विचारतात, "पुसणार कोण?" समोरचा घुटमळला, की त्याला क्रोमचं. "मी स्वतः पुसतो" असं ठामपणे म्हणाला, की साधं. क्रोमला गंज लवकर धरत नाही, उष्णता सोसते, हयगयही चालते. पण तो मुलामा आत सगळीकडे अगदी सारखा बसवणं महाकठीण, म्हणून नेमात किंचित फरक पडतो. साधं बॅरल नेमाला चोख, मात्र रोजची निगा मागतं. मोठमोठे लोक खरेदीला आलेले मी पाहिले आहेत. त्या एका प्रश्नापुढे सगळ्यांची गाडी अडते.

दोन वर्षांपूर्वी क्लबाच्या स्पर्धेच्या संघासाठी सहा नवी बॅरल्स घ्यायची होती. आमचे मुदीर, म्हणजे क्लबाचे व्यवस्थापक, दिलदार पण घाईचे. "समुद्र जवळ, हवा खारट. क्रोम घ्या, खलास!" चाचा म्हणाले, "सरावाच्या रायफलींना जरूर घ्या. स्पर्धेच्या रायफलींना साधीच हवीत." मुदीरही वस्ताद. त्यांनी चाचांचंच शस्त्र चाचांवर उगारलं, "पुसणार कोण?"

चाचांनी माझ्याकडे बोट केलं. "हा."

"आणि गंज धरला तर?"

"तर मला घरी पाठवा."

त्यांच्या इकाम्याचं, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण दोन महिन्यांवर होतं, आणि धाकट्या लेकीचं शिक्षण अजून चालू होतं. शेवटी ठरलं की एक साधं बॅरल महिनाभर वापरून पाहायचं, मग उरलेल्या पाचांचा निर्णय.

ऑगस्ट होता. इथल्या ऑगस्टात एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. थंडगार रायफल बाहेर नेली की बॅरलच्या आत तेच होतं. त्या दिवशी मी रायफल मैदानावर नेली, पण सराव रद्द झाला. तशीच परत आणली. क्लबाची बस सुटायला आली होती. मनात म्हटलं, गोळीच झाडली नाही तर पुसायचं काय? पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि बस गाठली.

चार दिवसांनी चाचांनी पेटी उघडली. बॅरल खिडकीच्या उजेडाकडे धरून बराच वेळ आत पाहिलं आणि माझ्याकडे दिलं. आत तांबूस ठिपके होते.

"सुधीर, पुसलं होतंस?"

"हो चाचा," मी म्हणालो. चक्क खोटं बोललो! माझ्या भरवशावर नोकरी पणाला लावलेल्या माणसाच्या तोंडावर. आज लिहितानाही कान गरम होतात.

"बरं," एवढंच म्हणून ते थेट मुदीरांकडे गेले. मी मागोमाग जाऊन दाराबाहेर थांबलो. आतून त्यांचा शांत आवाज ऐकू आला, "गंज धरलाय. माझ्या देखरेखीखाली धरला, चूक माझी. मला एक सकाळ द्या. मग तुम्ही स्वतः नेम धरा आणि काय ते ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळभर चाचा ब्रश, तेल आणि कापडाचे तुकडे घेऊन बसले. मला बाजूला बसवून एकेक तुकडा माझ्या हातून घेत होते. पहिले तांबूस निघाले, मग मळकट, शेवटी स्वच्छ. गंज वरवरचा होता. नंतर मुदीर मैदानावर आडवे झाले आणि तीनशे मीटरवर पाच गोळ्या झाडल्या. लक्ष्याचा कागद आणला, तर पाचही छिद्रं चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत! मुदीर लहान मुलासारखे उड्या मारायचेच बाकी होते. "माशाअल्लाह! यल्ला, चला, उरलेली पाचही साधीच मागवा!" चाचांचा इकामा नवा झाला, आणि त्या शुक्रवारी त्यांनी सगळ्यांना बांगड्याचं कालवण खाऊ घातलं. मला दोन तुकडे जास्त वाढले. तेही खोटं बोललेल्या मला!

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: गोळी झाडली नाही तरी पुसायचं. चाचा हा नियम भलतीकडेही लावतात. घरच्या फोनवर माझं दोन मिनिटांत "ठेवतो, विशेष काही नाही" व्हायचं. ते एकदा रागावले, "विशेष नसलं तरी बोलायचं. चार दिवस पेटी बंद ठेवून काय होतं ते पाहिलंस ना?" आता मी रोज बोलतो. बायको म्हणते, तुमच्या चाचांना माझा नमस्कार सांगा.

हा लेख लिहायला घेतला आणि राहवेना. गेल्या आठवड्यात त्यांच्यासमोर उभा राहिलो. "चाचा, त्या दिवशी मी पुसलं नव्हतं."

ते कामातून मान वर न करता म्हणाले, "ठाऊक आहे. पुसलं असतंस तर तेलाचा वास आला असता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर मला भिऊन पुसत राहिला असतास. मी रजेवर गेलो की पुन्हा गंज."

मी डोळे पुसले आणि कामाला लागलो.

चाचा, तुमचे डोळे असेच उजेडाकडे लागलेले राहोत, हात न कापता चालोत, गुडघ्यांनी कुरकुर करू नये आणि शंभराव्या वर्षीही कालवण तुम्हीच रांधावं. तुम्ही आता गावी परतायचं म्हणताय, पण इथून जीव निघत नाही, हे आम्हाला दिसतं. खुशाल जा. पुसणार कोण, याची काळजी करू नका. मी आहे.