पॉलिश खात्याचं वाक्य

आमच्या नळांच्या कारखान्यात मालकांचा नववर्षाचा संदेश मालक लिहीत नसत, हे यंत्रांनासुद्धा माहीत होतं. तो लिहायचे संदेशमामा. हुद्द्याने ते साधे जावक कारकून, बाहेर जाणारं टपाल बघणारे. त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा पॉलिश खात्यात होता. तो मामा म्हणायचा म्हणून अख्खा कारखाना मामा म्हणू लागला. मी टेलिफोन ऑपरेटर. लाउडस्पीकरचा माइक माझ्या खोलीत आणि मामांचं टेबलही माझ्याच खोलीत, त्यामुळे या माणसाला मी जितकं पाहिलं तितकं त्यांच्या बायकोनेही पाहिलं नसेल. ती बिचारी अंथरुणाला खिळलेली होती.

मामांना तोंडाने काही सांगता येत नसे. चहा नको असला तर म्हणायचे, "आज जरा उकडतंय." पंख्याने कागद उडाले तर मला पंखा कमी करा म्हणण्याऐवजी सगळे कागद उचलून खिडकीशी जाऊन बसायचे. मी वैतागून म्हणायची, "मामा, देवाने तोंड काय फक्त जेवायला दिलंय का?" ते हसायचे. तेही बिनआवाजाचं. पण हातात पेन आलं की हाच माणूस असं लिहायचा की वाटावं, हे आत इतके दिवस होतं कुठे?

त्यांची एक रीत होती. संदेशात प्रत्येक खात्याला एक वाक्य, आणि त्या वाक्यात त्या खात्यात त्या वर्षी खरोखर घडलेली एक गोष्ट. वर्षभर ते टपालाच्या निमित्ताने कारखानाभर हिंडायचे आणि कान उघडे ठेवायचे. ओतकामवाल्यांनी भर उन्हात भट्टी विझू दिली नाही, पॅकिंगच्या बायकांकडून गेलेलं एकही खोकं परत आलं नाही, असलं काहीतरी. नवीन वर्षाच्या पहिल्या सकाळी यंत्रं थांबायची, मालक माझ्या खोलीत येऊन माइकपुढे अडखळत वाचायचे, आणि आपलं वाक्य आलं की एकेक खातं एकमेकांना कोपरखळ्या मारायचं. पोट भरत नाही त्याने, पण बरं वाटायचं.

एका वर्षी मात्र सुतारखात्याचं वाक्य आलंच नाही. लोकांना वाटलं मालकांच्या नजरेतून ओळ सुटली. दोन महिन्यांत लाकडी खोकी बंद होऊन पुठ्ठ्याची आली आणि सुतार घरी गेले. मालकांना खोटं वाचवेना म्हणून त्यांनी ते नाव गाळायला लावलं होतं. तेव्हापासून लोक संदेश निकालासारखा ऐकू लागले. नाव आलं की वर्ष निघालं.

आता पुढचं मला सगळं नंतर मामांकडूनच कळलं, पण सांगताना ओळीने सांगते.

त्या वर्षी साहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, कुठलंसं शिबिर करून आले आणि मामांना म्हणाले, "यंदा संदेश एंगेजिंग पाहिजे." मामांनी मला हळूच विचारलं, म्हणजे काय हो? मी म्हटलं, "लोकांनी कान देऊन ऐकावा असा." मामा बराच वेळ विचार करून म्हणाले, "मग इतकी वर्षं लोक कानात बोळे घालून होते का?" त्यांच्या तोंडून ऐकलेला हा एकमेव चिडका शब्द. आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. पॉलिश खातं उन्हाळ्याआधी बंद होणार होतं. तयार चकचकीत नळ बाहेरून येणार, इथे फक्त जोडणी. नोटिसा मामांच्या हातून जाणार म्हणून त्यांना सांगणं भाग होतं. "हे मालकांना, मला आणि तुम्हालाच माहीत आहे," साहेब म्हणाले. "बाहेर फुटलं तर कुणी फोडलं ते शोधत बसावं लागणार नाही." मामांचं निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. साहेब दर वर्षी सही करायचे म्हणून ते खुर्चीवर होते. आणि बायकोची औषधं त्या खुर्चीवर होती.

नेमकं तेव्हाच भाच्याला दुसऱ्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं. पगार इथल्याइतकाच, जायला लांब, वर नोकरी नवी. त्याची बायको पोटुशी, मामांची बहीण त्याच्यावरच अवलंबून. त्या कारखान्याने नवीन वर्षाच्या पहिल्या दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायला सांगितलं होतं. भाचा मामांना म्हणाला, "काय करू?" मामा म्हणाले, "संदेश ऐक. मग ठरव. तोवर कुणाला काही बोलू नकोस."

मामांनी मनात जुळवलं होतं ते असं : पॉलिश खात्याचं वाक्य लिहायचंच नाही. नाव आलं नाही की भाचा काय ते समजेल, नव्हे सगळं खातंच समजेल, आणि आपण तोंडाने काहीच बोललो नाही असं होईल. जन्मभर ज्या माणसाने चहा नको हेसुद्धा उकाड्याच्या आडून सांगितलं, त्याला हे सुचणारच. मला विचाराल तर राग येतो. पण दुसरं काही त्यांना जमलं असतं असंही वाटत नाही.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी साहेब संदेश हातात घेऊन आमच्या खोलीत आले. "मामा, पॉलिश राहिलं की."

"राहिलं का?" मामा म्हणाले.

"सुतारांचं झालं तेव्हा मीही इथेच होतो," साहेब हसत म्हणाले. "लिहा. मी थांबतो."

मला वाटलं, म्हातारा विसरला, इतकंच. मामांनी एक ओळ खरडली. साहेबांनी वाचली आणि परत दिली. "यात जीव नाही. बाकीच्यांची कशी आहेत बघा. ही एकच अशी असली तर लगेच डोळ्यांत येईल." मामांनी पेन टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं. मग लिहिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांच्या खांद्यावर थाप मारून गेले.

त्या संध्याकाळी मामा बहिणीकडे गेले. घरी बायकोला शेजारणीवर सोपवून, आडवळणाने, पण गेले. या वेळी सांगायचंच होतं. बहीण म्हणाली, "अरे वा, दादा वाट चुकला!" भाचसुनेने बसायला खुर्ची पुढे केली. तिला सातवा लागला होता. मामा बसले. पाणी प्यायले. शेवटी भाच्याला म्हणाले, "अरे, ते उद्याचं…"

भाच्याने त्यांचा हातच धरला. "मामा, नका सांगू. उद्या कुणी विचारलं तर तुमच्या तोंडावर लगेच दिसेल. माझ्यापायी तुमची नोकरी नको जायला. एका रात्रीने काय होतंय, सकाळी ऐकतोच की."

मामा मला पुढे म्हणाले, "त्याने असं म्हटल्यावर मला हायसं वाटलं हो." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

सकाळी यंत्रं थांबली. मालकांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. ओतकाम झालं, लेथ झालं, जोडणी झाली. मग : "आणि आमचं पॉलिश खातं. वीज नव्हती ते सगळे दिवस या माणसांनी एकेक नळ कापडाने हातावर घासला, आणि गिऱ्हाइकाला फरक कळला नाही. नळात आपला चेहरा दिसतो तो यांच्यामुळे दिसतो. यांचे स्वतःचे चेहरे मात्र दिवसभर काळे असतात. ते आम्ही विसरणार नाही."

मालकांचा आवाज चिरकला. खाली पॉलिश खात्यात एवढा ओरडा झाला की माझ्या खिडकीची काच थरथरली. मामा टेबलाशी बसून पाकिटांवर तिकिटं लावत होते.

थोड्याच वेळात भाचा धावत वर आला. तोंड काळं, दात पांढरे. त्याच्यामागोमाग साहेबही आले, मामांचं कौतुक करायला.

"ताई, एवढा एक नंबर लावून द्या ना," भाचा म्हणाला. मी लावला. तो रिसीव्हर कानाला लावून माझ्या टेबलाला टेकून उभा राहिला. मामांपासून हातभर अंतरावर. मामा उठले. त्यांचं तोंड उघडलं. साहेब दारातच होते. "काय रे, तहान लागलीय का?" मामा म्हणाले. "पाणी घेतोस?"

"घेतो ना," भाचा म्हणाला, आणि पलीकडून आवाज आल्यावर फोनमध्ये बोलला, "साहेब, तुमचे आभार. पण मी इथेच राहतोय. आमच्याकडे माणसाची किंमत आहे." मग त्याने मामांच्या हातून पाणी घेतलं आणि एका दमात प्यायला.

उन्हाळ्याआधी नोटिसा गेल्या. पाकिटं मामांनीच चिकटवली. दुसऱ्या कारखान्यातली जागा कधीच भरली होती. भाच्याला मुलगी झाली तेव्हा तो कुणाच्या तरी गोदामात रोजावर पोती उचलत होता, आणि तेही रोज नसायचं. बहिणीने मामांना शब्दाने दुखावलं नाही. उलट लोकांना सांगायची, दादालाही अंधारात ठेवलं हो त्यांनी. मामा तिच्याकडे जायचे बंद झाले. माझ्यापाशी सगळं ओकले ते त्याच दिवसांत, आणि ओकून त्यांना बरं वाटलं असं काही दिसलं नाही.

वर्ष फिरलं. साहेबांनी सही केली. मामांनी संदेश लिहिला. पॉलिश खातं आता नव्हतंच, मग त्याचं वाक्य कुठून येणार? साहेबांनी या वेळी कागद उलटूनसुद्धा पाहिला नाही. मालकांनी वाचला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सुटी झाल्यावर मी आणि मामा बरोबरच बाहेर पडलो, तर फाटकाशी भाचा उभा. लाउडस्पीकर रस्त्यापर्यंत ऐकू जातो. तो सकाळी संदेश ऐकायला आला होता आणि मामांसाठी थांबला होता. हडकला होता. चेहरा आता गोरा दिसत होता.

"छान लिहिलंत मामा," तो म्हणाला. "आमच्याबद्दल एक ओळ तुम्ही लिहिली असणार. साहेबांनी काढायला लावली, होय ना?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. अगदी स्पष्ट, सरळ तोंडाने.