सरळ केलेला हात

मी मास्तर होतो. आरोग्याचा धडा शिकवताना माझा आवाज चढायचा. जखमेला माती लावू नये, हिवतापाला गंडेदोरे बांधू नयेत, हे मी फुलसावंगीच्या शाळेत पोरांकडून घोकून घ्यायचो. आमच्या बंजारा तांड्यातला पहिला शिकलेला म्हणून लोक मान द्यायचे, आणि तो फुकटचा मान मी खुशाल घ्यायचो.

आमच्या तांड्यात लग्न झालेल्या बाईच्या दंडावर, कोपरापासून वर खांद्यापर्यंत, हाडाच्या बांगड्यांचा चुडा असे. एकदा चढला की नवरा जाईपर्यंत उतरायचा नाही. दंड उघडा म्हणजे नवरा मेला, इतकं साधं. माझ्या बायकोच्या ओढणीला चुलीतल्या पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ लागला आणि उजवा हात भाजला, तेव्हासुद्धा चुड्याला कुणी हात लावला नाही. पाल्याच्या रसानं जखम भरली, पण कातडी आवळून भरली. हात कोपरात दुमडला तो दुमडलाच. विहिरीवर दोर ओढता येईना, जातं फिरवता येईना. कापूस वेचायला गेली की एका हातानं वेचायची, आणि संध्याकाळी तिची अर्धी ओटी बघून बायका तोंडाला पदर लावायच्या.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी चुडा करवतीनं कापला. ती डोळे मिटून बसली होती. मी शेजारी उभा राहून तिला सांगत होतो की हे सगळं अडाणीपण आहे. डॉक्टरांनी कोपराची आखडलेली कातडी मोकळी केली आणि मांडीची पातळ कातडी काढून तिथं लावली. काही आठवड्यांनी पट्ट्या सुटल्या. खाटेवर बसून दोन्ही हात समोर लांब करून ती नुसती बघत राहायची. दिवसभर तेवढंच. मला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर रडूही यायचं.

निघताना डॉक्टरांनी बजावलं, नवी कातडी आकसू बघते, म्हणून सहा महिने रात्रंदिवस हाताला फळी बांधून ठेवायची, कोपरावरून काही घट्ट चढवायचं नाही. मग सगळ्या वॉर्डासमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, शिकलेला माणूस सोबत आहे, मला काळजी नाही. चुडा कशासाठी असतो ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला लाज वाटली.

घरी आलो तर आईनं सुनेचा उघडा दंड पाहिला आणि दारातच बसकण मारली. मी तिला समजावलं, फळी दाखवली, डॉक्टरचा कागद वाचून दाखवला. तीन आठवडे मी जिंकत होतो. मग मला हिवताप आला. दरवर्षीच यायचा. कुनैन घेतलं की उतरायचा, या वेळी उतरेना. थंडीनं दात वाजत होते आणि आई उशाशी बसून एकच सांगत होती, की बायकोचा दंड उघडा ठेवून नवरा किती दिवस जगणार. बायको दाराशी फळी बांधलेला हात घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी नाही म्हटलं असतं तर आईची काय बिशाद होती! पण त्या घटकेला आरोग्याचा धडा, डॉक्टर, नागपूर, सगळं माझ्या डोक्यातून पळालं. मला मरणाची भीती वाटली. मी म्हणालो, "घाल."

तेल लावून, ओढून, नव्या कातडीवरून एकेक बांगडी वर चढवली. ती ओरडली नाही. फळी पुन्हा नीट बसेना, म्हणून सुटली. कातडी फाटली, पाणी धरलं, काळी पडली. माझा ताप गेला. कुनैननं गेला की चुड्यानं, याबद्दल आईला मरेपर्यंत शंका नव्हती. दिवाळीपर्यंत हात पुन्हा कोपरात दुमडला, पहिल्यापेक्षाही जास्त.

वर्षभरानं डॉक्टरांचं कार्ड आलं. हात किती सरळ होतो ते कळवा, म्हणजे पुढच्या रोग्यांना सांगता येईल, असं लिहिलं होतं. मी सुंदर अक्षरात उत्तर दिलं. हात पूर्ण सरळ आहे, आपले उपकार आहेत. बायकोनं विचारलं, काय लिहिलं? मी म्हटलं, खुशाली.

नंतर एका उन्हाळ्यात बाभुळगावकडचा एक कुणबी आपल्या मुलीला घेऊन दारी आला. मुलगी पंधरासोळाची, तिचाही कोपर भाजून दुमडलेला. नागपूरच्या डॉक्टरांनीच पाठवलं होतं. ऑपरेशनाची भीती वाटत असेल तर फुलसावंगीच्या मास्तरच्या बायकोचा हात जाऊन बघा, म्हणाले होते. मी त्यांना बसवलं. तेवढ्यात बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. डाव्या हातात.

बापानं तिचा उजवा हात पाहिला. मुलीनंही पाहिला. तो माणूस सभ्य होता. पागोटं सारखं करून उठला. मुलीनं आपला हात लुगड्याच्या पदराखाली घेतला. एक वाक्य बोललो असतो तर ती थांबली असती. पण ते बोलायचं तर सरळ झालेला हात पुन्हा का वाकला तेही सांगावं लागणार, आणि दारात शाळेची दोनचार पोरं उभी होती.

इतक्या वर्षांत त्या हाताबद्दल बायको माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे हनुवटी करून मुलीच्या बापाला म्हणाली, "थांबा भाऊ. डाक्टरनं माहा हात सरळ केल्ता, म्या डोळ्यानं पाह्यला. घरी आल्यावर यायले ताप आला, यायले मराचं भेव वाटलं, म्हणून वाकला. पोरीले घेऊन जा नागपूरले. सोबत मातर यायच्यासारखा शिकलेला मानूस नेऊ नका."